एका शब्दावर फिरलेला निकाल

मित्रांनो, ब्रेडबोर्डवर आयसी लावताना आपलं लक्ष पिन नंबरवर असतं. पण ही आयसी नेमकी कुणाची, यावर अमेरिकेत वर्षानुवर्षे भांडण चाललं होतं. त्या भांडणातलं एक मोठं नाव म्हणजे रॉबर्ट नॉईस.

नॉईस यांचा जन्म १२ डिसेंबर १९२७ रोजी आयोवा राज्यात झाला. वडील चर्चमध्ये पाद्री. १९५३ साली एमआयटीची डॉक्टरेट मिळाली आणि १९५७ साली सात सहकाऱ्यांबरोबर त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी काढली.

तिकडे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांनी १२ सप्टेंबर १९५८ रोजी जर्मेनियमच्या एकाच तुकड्यावर सर्किट चालवून दाखवलं. मात्र जोडणीच्या बारीक तारा वरून हाताने लावलेल्या होत्या. नॉईस यांनी जानेवारी १९५९ मध्ये आपल्या वहीत वेगळी युक्ती लिहिली. सहकारी हर्नी यांच्या प्लेनर पद्धतीत सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर राहतो, त्यावरच ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवायच्या! सोलापुरी चादरीची नक्षी मागाहून शिवत नाहीत, ती विणतानाच उमटते. तसंच इथे चिप बनतानाच जोडणी तयार होते.

किल्बींचा अर्ज फेब्रुवारी १९५९ चा, नॉईस यांचा जुलैचा. तरी पेटंट आधी मिळालं नॉईस यांना, १९६१ साली. त्यावेळी अमेरिकेत अर्ज आधी कुणाचा यापेक्षा शोध आधी कुणाचा, हे बघत. १९६७ मध्ये पेटंट ऑफिसच्या बोर्डाने किल्बींना कौल दिला. मग अपील झालं. मुद्दा एका शब्दाचा होता. धातू ऑक्साइडवर घातला, एवढंच किल्बींच्या अर्जात होतं. तो थराला चिकटून बसतो, हे त्यातून निघतं का? निघत नाही, असं म्हणत ६ नोव्हेंबर १९६९ रोजी कोर्टाने निकाल फिरवला.

गंमत म्हणजे दोन्ही कंपन्यांनी १९६६ मध्येच एकमेकींना लायसन्स द्यायचं ठरवून टाकलं होतं. नॉईस यांनी १९६८ मध्ये गॉर्डन मूर यांच्यासह इंटेल सुरू केली. ३ जून १९९० रोजी ते गेले. २००० साली किल्बींना नोबेल मिळालं, तेव्हा त्यांनी नॉईस यांची आवर्जून आठवण काढली.

तेव्हा मित्रांनो, प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिताना शब्द जपून वापरा आणि वहीत तारीख टाकायला विसरू नका. डोक्यातली कल्पना कितीही भारी असली, तरी कोर्टात कागदच बोलतो!