विश्लेषण : मुले शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात! ताराबाई मोडक यांचा प्रयोग काय होता?

बी.एड. करणाऱ्या प्रत्येकाला 'कृतिसंशोधन' हा शब्द परीक्षेपुरता का होईना भेटतो. आपल्या वर्गातली अडचण शिक्षकानेच हेरायची, उपाय करून पाहायचा, जमले नाही तर बदलायचा, असा त्याचा साधा अर्थ. अमेरिकेत स्टीफन कोरी यांचे शाळांसाठीच्या कृतिसंशोधनावरचे पुस्तक १९५३ मध्ये आले. त्याच्या आधीच ठाणे जिल्ह्याच्या (आताच्या पालघरच्या) किनाऱ्यावर हे काम सुरू झाले होते, तेही या नावाशिवाय.

कोण होत्या ताराबाई?

जन्म १८९२, मुंबई. पदवीधर झाल्या, लग्न झाले, ते मोडले. राजकोटला महिला अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत माँटेसरी पद्धतीवर काम केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. मात्र माँटेसरीची साधने महाग. त्यामुळे बालशिक्षण शहरातल्या सुखवस्तू घरांपुरतेच राहत होते आणि हेच ताराबाईंना खटकत होते.

बोर्डीत काय घडले?

१९४५ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती होती त्या गरीब वस्तीतली मुले फिरकेनात. दोष पालकांच्या माथी मारणे सोपे होते. ताराबाईंनी वर्गच वस्तीत, घरासमोरच्या अंगणात नेला. त्यातूनच 'अंगणवाडी' आली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे आले.

कोसबाडला अडचण वेगळी का होती?

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ हलले. बोर्डीचा उपाय इथे जसाच्या तसा चालणारा नव्हता. मुले दिवसभर गुरांमागे, मुलींच्या कडेवर धाकटे भावंड. शाळेची वेळ आणि कामाची वेळ एकच! मूल गुरे सोडून वर्गात आले, तर घरचे काम अडणार. मग गुरे चरतात तिथेच वर्ग भरवला, ती 'कुरणशाळा'. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आणले, तिचे नाव 'विकासवाडी'. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली पाटीवर. मुलगी गैरहजर का, याचे उत्तर तिच्या कडेवरच होते. ते हेरणे हाच या प्रयोगातला सर्वांत अवघड भाग म्हणावा लागेल.

पुढे काय झाले?

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे नेले. केंद्राची एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला. तिथे आहार, लसीकरण आणि नोंदवह्यांना अधिक जागा मिळाली. शिंपले आणि बिया बऱ्याच ठिकाणी मागे पडल्या.