कै. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर

पाठारे प्रभू ज्ञातीत जन्मलेल्या ज्या कर्तबगार पुरुषांचे नाव महाराष्ट्राच्या कलेतिहासात आदराने घेतले जाते, त्यांत कै. रावबहादूर धुरंधर यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांची पौराणिक व सामाजिक चित्रे पुष्कळांच्या परिचयाची आहेत. परंतु दिल्लीच्या सचिवालयासाठी त्यांनी केलेल्या भित्तिचित्रांची वार्ता नव्या पिढीतील थोड्यांच्याच कानी असेल. त्या कार्याचे स्मरण येथे विशेषेकरून करावयाचे आहे.

रावबहादूरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते १८९० साली मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. सार्वजनिक इमारतींच्या सजावटीची परंपरा त्या शाळेत आधीपासूनच होती. १८८८ साली पूर्ण झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, नक्षीकामात तेथील विद्यार्थ्यांचा हात होता. लक्षावधी प्रवासी ते काम रोज पाहतात. मात्र ते करणाऱ्यांची नावे कोणाच्याच ओठी नाहीत.

१८९५ साली धुरंधरांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक लाभले. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक व कालांतराने मुख्याध्यापक झाले. ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या अमदानीत तेथे भित्तिचित्रणाचा वर्ग निघाला. त्याच सुमारास नवी दिल्ली उभी राहत होती. लोकांच्या पैशांतून होणाऱ्या त्या प्रासादांच्या भिंतींवर या देशातील कलावंतांना वाव मिळणार की नाही, हा प्रश्न जिव्हाळ्याचा ठरला. अखेर मुंबईच्या चित्रकारांना सचिवालयातील काही दालने मिळाली. त्यांपैकी कायदेमंत्र्यांच्या दालनाचे काम धुरंधरांकडे आले. हिंदू व मुसलमानी न्यायपद्धती हा त्यांच्या चित्रांचा विषय होता. ज्या दालनात कायद्याचा विचार व्हावयाचा, तेथे या भूमीतील न्यायाची परंपरा डोळ्यांसमोर असावी, ही योजना किती समर्पक! साठीच्या घरात असताना त्यांनी हे परिश्रम केले, हेही ध्यानी घेण्याजोगे आहे.

१९३० साली कलाशाळेच्या संचालकपदाची सूत्रे त्यांच्या हाती आली. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. १९३१ साली ते निवृत्त झाले व ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मवृत्त मागे ठेवून १ जून १९४४ रोजी निवर्तले. त्यांच्या कन्या अंबिकाबाई यांनीही चित्रकलेचा वारसा चालविला.

एक खंत मात्र उरते. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयातील धुरंधरांची चित्रे शेतकऱ्यापासून विद्यार्थ्यापर्यंत कोणीही पाहू शकतो. सचिवालयातील दालन मात्र अधिकाऱ्यांपुरतेच राहिले. कला सरकारी भिंतीवर चढली, पण ज्यांच्या पैशांतून ती भिंत उभी राहिली त्यांच्या दृष्टीस पडली नाही. सचिवालयाच्या दोन्ही इमारतींत राष्ट्रीय संग्रहालय करण्याची योजना केंद्र शासनाने २०२३ साली जाहीर केली आहे. ते दार जनतेला उघडेल त्या दिवशी मुंबईच्या या चित्रकारांच्या कामाशेजारी त्यांची नावेही ठळक अक्षरांत असावीत, असा आग्रह ज्ञातिबांधवांनी अवश्य धरावा. तोवर मुलाबाळांना एकवार औंधला न्यावे व रावबहादूरांच्या कुंचल्याचे दर्शन घडवावे. त्यांच्या स्मृतीस याहून उचित वंदन ते कोणते?