मरुत्सखामागचा माणूस

गिरगाव चौपाटीवर १८९५ साली एक विमान उडाले आणि ते एका मराठी माणसाने बनवले होते, ही कथा मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी ऐकली आहे. विमानाचे नाव मरुत्सखा, म्हणजे वाऱ्याचा मित्र. ते बनवणाऱ्याचे नाव शिवकर बापूजी तळपदे. राईट बंधूंच्या आधी आठ वर्षे, हे शेवटी हटकून जोडले जाते. एवढे झाले की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक अभिमानाने मान डोलावतो, दुसरा हसू लागतो. या गदारोळात एक साधी बाब दोघांच्याही नजरेतून सुटते. कथा जशीच्या तशी खरी मानली, तरी त्या विमानात माणूस नव्हता. ते विनाचालक यंत्र होते. म्हणजे तुलना करायचीच झाली तर ती राईट बंधूंशी नव्हे, तर आज सुटीच्या दिवशी मोकळ्या मैदानावर मॉडेल विमाने उडवणाऱ्या छांदिष्टांशी आणि त्यांच्या पूर्वसुरींशी करायला हवी. तशी ती केली की तळपदे अधिक समजतात.

तळपदे यांचा जन्म १८६४ सालचा, मुंबईतल्या चिराबाजारचा. घराणे पाठारे प्रभूंचे. मुंबईच्या जुन्या रहिवाशांपैकी असलेल्या या समाजाने इंग्रजी शिक्षण लवकर आत्मसात केले होते आणि सरकारी कचेऱ्यांत, वकिलीत, बांधकाम व्यवसायात त्यातली माणसे स्थिरावली होती. अशा घरातील मुलाने एखादी सुरक्षित नोकरी धरणे हाच तेव्हाचा राजमार्ग होता. तळपदे मात्र सर जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा हेतू केवळ चित्रकार घडवण्याचा नव्हता. हाताने वस्तू घडवणारे कारागीर तयार व्हावेत हाही तिचा उद्देश होता, आणि १८९१ मध्ये तर लाकूडकाम, धातुकाम यांसाठी तेथे रे यांच्या नावाने स्वतंत्र कार्यशाळा सुरू झाल्या. अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या माणसाला विमान बांधण्याचे धाडस कसे झाले, असा प्रश्न विचारला जातो तेव्हा ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. मॉडेल विमानाला आधी लागतो तो सुताराचा हात आणि रेषेवरचा डोळा. गणिताची पाळी नंतर येते.

जे. जे.मध्येच त्यांना चिरंजीलाल वर्मा हे शिक्षक भेटले आणि त्यांच्याकडून प्राचीन भारतीय विमानविद्येचा विषय कानावर पडला, असे त्यांच्या चरित्राच्या सर्व टिपणांत आढळते. काळही तसाच होता. स्वामी दयानंद सरस्वती यांनी १८७५ मध्ये याच गिरगाव परिसरात आर्य समाजाची स्थापना केली होती. त्यांच्या ऋग्वेदादिभाष्यभूमिका या ग्रंथात नौका आणि विमाने यांच्या विद्येवर स्वतंत्र प्रकरण आहे. वेदांतील ऋचांमध्ये यंत्रविद्येची बीजे आहेत, अशी दयानंदांची धारणा होती. गिरणीचे भोंगे, आगगाडी आणि तारायंत्र यांनी दिपून गेलेल्या तरुण पिढीला या धारणेने मोठा दिलासा दिला. जे परक्यांकडे आहे ते आपल्याकडेही होते, ही भावना पराधीन देशात किती बळ देत असेल याची कल्पना आज करणे कठीण आहे. तळपदे यांनी संस्कृतचे अध्ययन सुरू केले. पण इतरांनी जेथे व्याख्याने दिली आणि पुस्तिका छापल्या, तेथे त्यांनी घरात सांगाडा उभारायला घेतला. त्यांचे वेगळेपण येथे आहे.

त्या वेळी जगात काय चालले होते? इंग्लंडमध्ये जॉन स्ट्रिंगफेलो यांनी १८४८ मध्येच वाफेच्या छोट्या इंजिनावर चालणारे मॉडेल विमान बनवले होते. फ्रान्समध्ये आल्फोन्स पेनो या तरुणाने १८७१ मध्ये रबराच्या पिळावर चालणारे चिमुकले विमान पॅरिसच्या बागेत लोकांसमक्ष उडवले. ते अकरा सेकंद उडाले आणि सुमारे चाळीस मीटर गेले. आकडे क्षुल्लक वाटतील, पण चालकाशिवाय विमानाने तोल कसा सांभाळायचा, हा मूळ प्रश्न पेनो यांनी शेपटीची आडवी फळी योग्य कोनात बसवून सोडवला होता. आजही खेळण्यातले प्रत्येक विमान त्याच तत्त्वावर तरंगते. मग अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युअल लँग्ली यांनी ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर, तरंगत्या घराच्या छपरावरून, वाफेवर चालणारे विनाचालक विमान सोडले. पंखांचा विस्तार सव्वाचार मीटरच्या आसपास, वजन सुमारे अकरा किलो. ते एक किलोमीटरभर गेले आणि अलगद पाण्यावर उतरले. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल तेथे हजर होते आणि त्यांनी टिपलेले छायाचित्र उपलब्ध आहे. ते विमान स्वतःदेखील संग्रहालयात जपलेले आहे.

चौपाटीची कथा याच्या आदल्या वर्षीची. तळपदे यांचे विमान पंधराशे फुटांवर गेले आणि नंतर खाली कोसळले, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे पाहायला उपस्थित होते, केसरीत त्याचे वृत्त आले होते, असे तिचे सर्वाधिक प्रचलित रूप सांगते. वेदांचे भाष्यकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे स्वतः जे. जे.चे चित्रकार होते. त्यांच्या नावावर सांगितले जाणारे दुसरे रूप बरेच संयत आहे. त्यात विमान काही मिनिटे हवेत राहिले, एवढेच येते. या दोन रूपांत पंधराशे फुटांचे अंतर आहे.

आणि पुरावा? १८९५ च्या केसरीतील तो अंक आजवर कोणीही दाखवलेला नाही. मुंबईत त्या काळी इंग्रजी आणि मराठी वृत्तपत्रांची वाण नव्हती. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती आणि एक संस्थानिक चौपाटीच्या वाळूवर एकत्र उभे राहून उडते यंत्र पाहत आहेत, ही बातमी सोडणारा बातमीदार विरळाच म्हणावा लागेल. छायाचित्र नाही, आराखडा नाही, यंत्राचा एकही तुकडा नाही. त्याच सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवत होते. तेही पराधीन भारतीयच होते, पण त्यांचे निबंध रॉयल सोसायटीने छापले आणि म्हणून त्यांच्या कामाबद्दल वाद उरला नाही. इंग्रज सरकारच्या दडपणामुळे तळपदे यांचे काम दाबले गेले, असाही एक दावा केला जातो. त्यालाही कागदाचा आधार कोणी दिलेला नाही.

पंधराशे फुटांचा आकडा तर विमाने उडवणाऱ्याला लगेच खटकेल. पंधराशे फूट म्हणजे सुमारे साडेचारशे मीटर. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत मुक्त क्षेत्राची मर्यादा चारशे फूट, म्हणजे एकशेवीस मीटर आहे. त्याच्या जवळजवळ चौपट उंचीवर चार-पाच मीटर पंखांचे यंत्र खालून ठिपक्याएवढे दिसेल. ते सरळ आहे की कलले आहे, हेही कळणार नाही. परभणी-मनमाड रेल्वेमार्गावरच्या पेडगावच्या माळावर आज एखाद्या मुलाला थर्माकोलचे विमान उडवायचे झाले, तर त्याच्यापाशी काय काय असेल पाहा. मुठीत मावणारी विजेची मोटर, हलकी लिथियम बॅटरी, हातातल्या पेटीतून निघालेले संदेश घेणारा रिसीव्हर आणि सुकाणू व शेपटीची फळी हलवणाऱ्या काडेपेटीएवढ्या सर्व्हो मोटरी. एवढे असूनही गुरुत्वमध्य बोटभर मागे सरकला तर पहिल्याच उड्डाणात विमान नाक वर करते, वेग गमावते आणि जमिनीवर आपटते. १८९५ मध्ये यातले काहीही नव्हते. मार्कोनी यांचे बिनतारी प्रयोग त्याच वर्षी इटलीत सुरू झाले होते. दूरवरून बिनतारी चालवलेली पहिली होडी टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दाखवली आणि रेडिओवर चालणारी छंदाची विमाने अमेरिकेत १९३० च्या दशकात आली. चौपाटीवरून सुटलेल्या यंत्राला परत वळवण्याचा मार्गच नव्हता. ते पडले, हा कथेतला भाग म्हणूनच सर्वांत विश्वसनीय वाटतो.

इंधनाबाबतही असेच. मरुत्सखा पाऱ्यावर चालत असे, असे सांगितले जाते. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. एक लिटर पाऱ्याचे वजन साडेतेरा किलो भरते, म्हणजे लँग्ली यांच्या इंजिनासकट अख्ख्या विमानाहून अधिक. जड पदार्थातून हलके यंत्र कसे चालवायचे, याचे उत्तर ही कथा देत नाही.

पाऱ्याचा हा धागा जातो पंडित सुब्बराय शास्त्री यांच्याकडे. कर्नाटकातील आनेकलचे हे गृहस्थ मुंबईत येऊन तळपदे यांना मार्गदर्शन करत असत, असे नोंदले गेले आहे. वैमानिक शास्त्र या नावाने पुढे गाजलेला ग्रंथ याच शास्त्रींनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगून लिहून घेतला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये त्याची तपासणी केली. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यात रेखाटलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. या अभ्यासात शास्त्रींच्या आयुष्याचा मागोवा घेताना मुंबईच्या तळपदे यांचाही उल्लेख येतो. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मॉडेल बनवण्याचे प्रयत्न केले, पण एकही उडाले नाही.

हे वाक्य तळपदे यांचा पराभव म्हणून वाचले जाते. ते दुसऱ्या अंगानेही वाचता येते. विमानांची ही मॉडेल खरोखर बांधली जात होती, एकाहून अधिक वेळा बांधली जात होती, आणि बांधणारा माणूस अपयशानंतरही पुन्हा बांधत होता, याची ही त्यातल्या त्यात भरवशाची साक्ष आहे. चौपाटीच्या गर्दीपेक्षा या ओळीत तळपदे अधिक स्पष्ट दिसतात. मात्र कथेला असा माणूस नको असतो. तिला हवा असतो विजेता किंवा हुतात्मा. २०१५ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनात प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, त्यावरून देशभर वाद पेटला आणि त्याच महिन्यात तळपदे यांच्या जीवनावर बेतलेला हवाईजादा हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. त्यात विमानात माणूसही बसला.

लँग्ली यांची कहाणी या संदर्भात मुद्दाम आठवावी अशी आहे. मॉडेल उडाल्यावर अमेरिकेच्या युद्ध खात्याने त्यांना १८९८ मध्ये पन्नास हजार डॉलर दिले. त्यांनी माणूस बसेल असे मोठे विमान बांधले. ते १९०३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा डिसेंबरात नदीत कोसळले, वृत्तपत्रांनी त्यांची टर उडवली, आणि दुसऱ्या अपघातानंतर नऊच दिवसांनी राईट बंधू उडाले. खचलेले लँग्ली १९०६ मध्ये वारले. त्यांच्या अपयशाची मापे, वजने, छायाचित्रे सर्व काही जपले गेले आणि पुढच्यांच्या उपयोगी पडले. तळपदे यांच्यापाशी संस्था नव्हती, अनुदान नव्हते आणि नोंदवही सांभाळून ठेवणारा कोणी सहायकही नव्हता. चिराबाजारच्या घरात त्यांनी कोणते लाकूड वापरले, पंखाला कोणते कापड ताणले, कोणता सांगाडा कुठे मोडला, हे कळले असते तर आज त्यांच्यावर भाषणे कमी झाली असती आणि अभ्यास अधिक झाला असता.

उत्तरायुष्यात तळपदे लेखनाकडे वळले. प्राचीन विमानकलेच्या शोधावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले, ऋग्वेदाच्या पहिल्या सूक्तावर आणि योगदर्शनावरही लिहिले. विमानाचा सांगाडा मात्र पुढे सरकला नाही. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादेत आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने टपालाच्या पिशव्या घेऊन यमुना ओलांडली आणि नैनीला विमान उतरवले. ती बातमी मुंबईत पोहोचली तेव्हा तळपदे सत्तेचाळिशीच्या आसपास होते. १९१६ मध्ये ते निवर्तले. युरोपात तेव्हा महायुद्ध ऐन भरात होते आणि विमाने रोज शेकड्यांनी उडत होती. त्यांच्या पश्चात घरात पडून असलेले यंत्राचे भाग नातलगांनी रॅली ब्रदर्स या कंपनीला विकले, असे सांगतात.