नामा, नामदेव आणि भगत नामदेवजी

चंदीगडला नव्याने आलेल्या मराठी माणसाला पुष्कळदा एक अनुभव येतो. आपण महाराष्ट्रातले असे सांगताच समोरचे वृद्ध सरदारजी आदराने भगत नामदेवजींचे नाव घेतात, आणि हे आपलेच नामदेव, हे उमगायला आपल्यालाच क्षणभर वेळ लागतो. एकाच नावाने दोन प्रांतांत किती निरनिराळे अर्थ धारण केले आहेत, याचा विचार तेथूनच सुरू होतो.

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म शके 1192, म्हणजे 1270 सालचा. वडील दामाशेटी, आई गोणाई. घरचा धंदा शिंप्याचा. जन्मस्थान पंढरपूर की मराठवाड्यातील नरसी बामणी, हा वाद जुना आहे. हिंगोली जिल्ह्यातील त्या गावाने तो आपल्यापुरता मिटविला. ते आता नर्सी नामदेव म्हणूनच ओळखले जाते. माणसाला गावाचे नाव लागते हे नेहमीचे. येथे गावानेच माणसाचे नाव लावले.

बाळपणापासून नामदेवांना विठ्ठलावाचून दुसरे काही सुचेना. पत्नी राजाई आणि गोणाई यांनी संसाराच्या ओढाताणीबद्दल त्यांच्याशी घातलेले वाद अभंगरूपाने आजही वाचावयास मिळतात. मुलांची नावेही देवांचीच: नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव. घरी मात्र ती नारा, विठा, गोंदा, महादा अशी लडिवाळ झाली, जसे नामदेव स्वतः नामा झाले. त्यांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंनी तर नामयाची दासी हीच आपली ओळख मानली.

संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन सर्वांची परीक्षा केली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. साक्षात देवाशी बोलणाऱ्या भक्ताला हा घाव साधा नव्हता. तो सोसून ते औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांपाशी गेले आणि त्यांना गुरू केले. ज्ञानेश्वरांच्या सहवासात त्यांनी तीर्थयात्रा केली. 1296 साली आळंदीस ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली; त्या प्रसंगाचे नामदेवांनी केलेले वर्णन वाचताना आजही कंठ दाटून येतो. पुढे हा पंढरीचा वारकरी उत्तरेकडे निघाला आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे दीर्घकाळ राहिला, अशी पंजाबची दृढ श्रद्धा आहे.

येथे त्यांच्या नावाला नवी वस्त्रे मिळाली. महाराष्ट्रातला शिंपी पंजाबात छींबा, म्हणजे कापड छापणारा, म्हणून ओळखला गेला. त्या समाजातील कितीतरी कुटुंबे आज नामदेव हेच आपले उपनाम लावतात. 1604 साली गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची 61 पदे आली. नाम या शब्दाला शीख परंपरेत जे मध्यवर्ती स्थान आहे, ते पाहता नामदेव हे नाव तेथे परके वाटणे शक्यच नव्हते.

परंतु अभ्यासकांना या नावाने पुष्कळ छळले आहे. सोळाव्या शतकात महाभारत ओवीबद्ध करणारा विष्णुदास नामा हा कवी वेगळा. तरी नामसाम्यामुळे त्याची रचना नामदेवांच्या नावावर, आणि इतर नाम्यांचीही एकमेकांत, मिसळून गेली. पंजाबातील निर्गुणाची पदे रचणारा आणि पंढरीत सगुण विठ्ठलापुढे नाचणारा एकच का, अशीही शंका घेतली गेली. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या पंडितांनी तर त्यांचा काळच पुढे ओढला. प्रस्तुत लेखकास मात्र दोघे एकच वाटतात. ग्रंथसाहिबातील पदांत बीठल हे नाव येते, काही ठिकाणी मराठी प्रत्ययही जागच्या जागी दिसतात. देवाला दूध पाजणे, नामदेवांना हाकलल्यावर देऊळ फिरणे, हे आपल्या ओळखीचे प्रसंगही तेथे आहेत. शिवाय खेचरांची दीक्षा घेतलेल्या माणसाला निर्गुण नवे नव्हते.

वाद समाधीविषयीही आहे. 1350 साली पंढरपूरच्या महाद्वारी पायरीखाली नामदेवांनी सहकुटुंब समाधी घेतली, असे आपण मानतो. संतांचे चरण लागावेत म्हणून त्यांनी ती जागा मागितली आणि आजही वारकरी त्या पायरीवर पाय न ठेवता पुढे जातो. घुमानकर म्हणतात, महाराजांनी देह येथेच ठेवला. दोन्ही ठिकाणी माथा टेकणाऱ्याला निकाल लावण्याची घाई नसते.

2015 च्या एप्रिलमध्ये अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमानला भरले, तेव्हा मराठी मुलखातून हजारो मंडळी एवढ्या दूर आली. आपल्याला तर ते गाव मोटारीने काही तासांवरच आहे. तेथील मेळा संक्रांतीच्या सुमारास भरतो; तिळगूळ बरोबर न्यावयास मुहूर्तही बरा आहे.