तरुणांना पुढे करणारे संपादक : माधवराव सप्रे

छत्तीसगडच्या पत्रकारितेचा पाया ज्या मराठी भाषक संपादकाने घातला, त्या पंडित माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. वयाची तिशी गाठण्यापूर्वीच, १९०० मध्ये, त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले. पुढे नागपुरात त्यांनी 'हिंदी केसरी' काढला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली आणि कुटुंबीयांच्या आग्रहाखातर माफीपत्र देऊन ते सुटले. त्या माफीची सल त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. दासबोधाच्या चिंतनात त्यांनी काही काळ घालविला. टिळकांचे 'गीतारहस्य'ही त्यांनीच हिंदीत आणले.

सार्वजनिक कार्यात परतल्यावर मात्र त्यांनी स्वतःसाठी मागची जागा निवडली. १९२० मध्ये जबलपूरहून 'कर्मवीर' निघाले, तेव्हा संपादकपदाची धुरा त्यांनी तीस वर्षांच्या माखनलाल चतुर्वेदी यांच्याकडे सोपविली. अनुभवी संपादक हाताशी असताना हा निर्णय साधा नव्हता. पुढच्याच वर्षी चतुर्वेदी यांना राजद्रोहाखाली अटक झाली आणि ते शिक्षा भोगून बाहेर आले.

सप्रे यांचे २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे निधन झाले.