रुग्णसेवेची वाट दाखविणाऱ्या रमाबाई रानडे

आपल्या निफाडभूमीचे सुपुत्र न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहधर्मचारिणी रमाबाई १८६२ साली देवराष्ट्रे येथे जन्मल्या. विवाहानंतर पतीनेच त्यांना लिहावयास-वाचावयास शिकविले. १९०१ मध्ये वैधव्य आले. परंतु त्या खचल्या नाहीत. १९०९ पासून त्यांनी पुणे सेवासदनाची धुरा वाहिली. परिचारिकेचे काम कुलीन स्त्रियांना कमीपणाचे मानले जात असता, विधवांसह अनेक भगिनींना त्यांनी ससून रुग्णालयात ते शिक्षण देवविले. तान्हुल्यास दुखणे सांगता येत नाही, वृद्ध पुष्कळदा सांगत नाहीत. नाडी, श्वास, ताप पाहून ते जाणावयास ममतेइतकीच शिकलेली नजर लागते. १९२४ साली रमाबाई निवर्तल्या. सेवाभावास शिक्षणाची जोड देण्याचा त्यांचा आदर्श आजही अनुकरणीय आहे.