बीनकार झिया मोहिउद्दीन डागर

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की गिटार वाजविणाऱ्या विद्यार्थ्यांत एक वाद हटकून माजतो. वाद्य तारेने ध्वनिवर्धकास जोडावे, की लाकडातून जेवढा नाद निघेल तेवढ्यावरच भागवावे? जोडले तर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाते, पण लाकडाचा गोडवा उणावतो. न जोडले तर पहिल्या दोन रांगांपलीकडे काही पोहोचत नाही. हाच प्रश्न आमच्या उपनगरांतील चेंबूर येथे वास्तव्य केलेल्या एका थोर वादकापुढे फार मोठ्या रूपाने उभा होता. कारण त्यांचे वाद्य गिटारीहूनही मंद आवाजाचे. ते वादक म्हणजे रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर होत.

उस्तादांचा जन्म 14 मार्च 1929 रोजी उदयपूर येथे झाला. वडील उस्ताद झियाउद्दीन खाँ हे मेवाडच्या महाराण्यांच्या दरबारी कलावंत. घराणे पिढ्यान्‌पिढ्या धृपदाचे. झिया मोहिउद्दीन व त्यांचे धाकटे बंधू झिया फरीदुद्दीन या दोघांचेही शिक्षण वडिलांपाशीच झाले. धाकट्याने गायन पत्करले. थोरल्याचे मन बीनेवर, म्हणजेच रुद्रवीणेवर, जडले. ही निवड सोपी नव्हती. या घराण्यात बीन मुख्यतः गळ्याच्या साधनेस साह्य म्हणून, घरातल्या घरात वाजविली जाई. तिला सभेत स्वतंत्रपणे मांडणे हे नवे धाडस होते.

दोन भोपळे, त्यांवर आडवी पोकळ दांडी, दांडीवर पडदे आणि तारा, असे हे वाद्य. राजवाड्यातील दालनात दहापाच जाणकार जवळ बसून ऐकत, तेथे तिचा हळुवार नाद पुरत असे. परंतु 1947 नंतर संस्थाने विलीन झाली, दरबार संपले, आणि कलावंतास तिकीट काढून आलेल्या शेकडो श्रोत्यांपुढे बसणे प्राप्त झाले. तेथे ध्वनिक्षेपकावाचून गत्यंतर नाही. पण ध्वनिक्षेपक वाद्याजवळ नेला की तारेवर बोट घासल्याचा आवाजही नादाइतकाच मोठा होतो, हे ज्याने गिटार जोडून पाहिली असेल त्यास सांगावयास नको. शिवाय वाद्याच्या पोटात जो नादच नाही, तो विजेने कोठून आणावा?

उस्तादांनी वाद्यालाच हात घातला. ज्या वाद्याचे नाते परंपरा साक्षात् शंकराशी जोडते, त्यात फेरफार करणे म्हणजे टीकेस आमंत्रणच. तरी त्यांनी ते केले. भोपळे मोठे करविले, दांडी जाड करविली, तारा अधिक जाड चढविल्या. कलकत्त्याच्या कनाईलाल अँड ब्रदर या नामांकित कारागिरांनी त्यांच्यासाठी अशी बीन घडविली. वाद्य इतके अवजड झाले की वरचा भोपळा खांद्यावर घेण्याची जुनी बैठक सोडून दाक्षिणात्य वीणेप्रमाणे ते पुढ्यात आडवे घेणे त्यांनी स्वीकारले.

येथे एक गोष्ट आम्हास विशेष नवलाची वाटते. आवाज दूरवर न्यावयाचा असेल तर बोटांत मिजराब घालून तार जोराने छेडावी, हा उघड मार्ग. उस्तादांनी मिजराब काढून टाकली व उघड्या बोटांनी वाजविण्यास आरंभ केला! नाद अधिक मृदू झाला; पण खर्जात खोल गेला आणि एकदा छेडलेली तार दीर्घकाळ घुमू लागली. धृपदाच्या आलापीत एकाच आघातावर मींड ओढीत स्वरांतून स्वरांत जावयाचे असते, गायकाने एका श्वासात जावे तसे. त्यास ही लांबी हवी. जोर त्यांनी मागितलाच नव्हता.

अशा हळुवार वाद्याचा बिऱ्हाडकरू चेंबुरास राहिला, ही मोठी मौजच म्हणावयाची. 1955 च्या सुमारास शेजारीच ट्रॉम्बेकडे तेलशुद्धीकरणाचे प्रचंड कारखाने उभे राहिले. लोकल गाड्यांची ये-जा तर अखंड. तरीही देशोदेशीचे शिष्य शिकावयास येत. उस्तादांनी अमेरिकेत सिॲटल येथील विद्यापीठात व हॉलंडमध्ये रॉटरडॅम येथेही अध्यापन केले. 1981 साली त्यांस संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1982 साली मणी कौल यांनी ‘धृपद’ नावाचा बोलपट काढला, त्यात दोघे बंधू दिसतात. पनवेलजवळ पळस्पे येथे त्यांनी गुरुकुल स्थापिले. 28 सप्टेंबर 1990 रोजी मुंबईत ते निवर्तले. पुत्र बहाउद्दीन यांनी बीन पुढे चालविली.

सभागृहात ज्याची अडचण, त्याच ध्वनिक्षेपकाने एक उपकारही केला आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. तासाभराची आलापी तीत कशी मावावी? पुढे लांब ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि उस्तादांचा यमन व शुद्ध तोडी आज कोणासही घरी ऐकता येतात. रात्री गाड्यांची वर्दळ थोडी ओसरली म्हणजे लावून पाहावे. आवाज मात्र फार वाढवू नये. आम्ही एकदा वाढविला होता, तेव्हा शेजारच्या खोलीतून वडिलांनी आम्हास तो कमी करावयास सांगितले, व तसे केल्यावर स्वतः येऊन जवळ बसले.